विशाखाच्या वाट्याची वर्षे

मी, श्रीमती पंचशीला साहेबराव गजभारे, माहेरची पंचशीला पिराजी सुरवसे, वय साठ, निवृत्त शिक्षिका, राहणार लातूर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरात, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला ताप नाही, गुंगीची कुठली गोळी मी घेतलेली नाही, माझ्या खांद्यामागे कोणी उभे नाही. माझ्यासोबत राहणारी शरणम्मा आत भाकरी थापते आहे. मी काय लिहिते हे तिला सही करायच्या वेळीच कळेल. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. माझ्या पश्चात हाच खरा धरावा.

आत्ताच लिहिण्याचे कारण असे. पुढच्या महिन्यात मी नॉर्वे देशात जाणार आहे. तिथे माझी भाची लिना राहते. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि माझी एक किडनी मी तिला देणार आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. पण भुलीखाली जाणाऱ्या माणसाने घर आवरून जावे, असे मला वाटते.

दुसरेही कारण आहे. माझे पती दिवंगत साहेबराव यांचा पुतण्या भुजंग, आणि त्याचे ऐकून भावकीतले आणखी काही जण, माझ्याबद्दल एक गोष्ट बोलतात. मी माझ्या बहिणीचे आयुष्य खाल्ले, असे ते म्हणतात. हे खोटे आहे असे मला छातीवर हात ठेवून लिहिता येत नाही. जे घडले ते मात्र लिहिता येते. मालमत्तेच्या ओघात ते जागोजागी येईल. वकिलांनी तो भाग फालतू समजून गाळू नये.

कलम एक. माझे वडील पिराजी यांची मुरुडजवळच्या आमच्या गावची माळजमीन वारसाने माझ्याकडे आली आहे. ती मी गावच्या विहाराला देते. तिथे झाडे लावावीत, पाण्याची टाकी बांधावी, पोरांना खेळायला मोकळी ठेवावी. फक्त पूर्वेच्या बांधालगत दगडांचे एक आळे आहे, तिथे खणू नये. त्या आळ्याखाली माझा झगा पुरलेला आहे.

विशाखा आणि मी जुळ्या बहिणी. एवढ्या सारख्या, की आई कोंडाबाईने ओळखू यावे म्हणून माझ्या कानात काळा दोरा ओवला होता. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही आठ वर्षांच्या होतो. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर मिळणारी सुकडी आम्ही पाण्यात कालवून खायचो, आणि ते पाणीच वाईट होते. विशाखाला हगवण लागली. ती वाळत गेली आणि एका दुपारी तिचा श्वास थांबला. आजीने, सरजाबाईने, तिच्या नाकाशी कापूस धरला. कापूस हलला नाही.

तिला माळावर नेले. जमीन अशी तापून आवळली होती की वडिलांची पहार आपटून वर उडायची. दोघा-तिघांनी आळीपाळीने खणले. खड्डा गुडघाभर झाला तेव्हा एक जण म्हणाला, “पिराजी, बास झालं.” वडील म्हणाले, “अजून हातभर जाऊ द्या. कोल्ही उकरत्यात.” त्या हातभर मातीला बराच वेळ लागला. विशाखा पोत्यावर ठेवलेली होती आणि मी तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होते. मी वाकले, तेव्हा माझ्या कानातला दोरा कोणीतरी ओढला. विशाखाने डोळे उघडले होते. “पंचे, पाणी दे,” ती म्हणाली.

वडिलांनी पहार टाकली, विशाखाला खांद्यावर घेतले आणि मुरुडचा रस्ता धरला. तिथे दुष्काळात नॉर्वेहून आलेल्या नर्सबाईंचा दवाखाना होता. त्यांचे नाव रागनहिल्ड. गावाने त्यांना रागिनीबाई करून टाकले होते.

आजी मात्र खड्ड्याशीच थांबली. वडील जाता जाता म्हणाले, “आई, चल घरला.” आजी म्हणाली, “उघडलेली माती रिकामी मिटत न्हाई. तिला काय तरी द्यावं लागतंय.” वडील म्हणाले, “आपण ते समदं सोडलंय आता.” ते खरेच होते. आम्ही बौद्ध झाल्याला पुष्कळ वर्षे झाली होती आणि वडिलांनी घरातले देवसुद्धा नदीत सोडले होते. पण वडील दिसेनासे झाल्यावर आजीने माझ्या अंगातला झगा काढला, खड्ड्यात ठेवला आणि हातांनी माती लोटली. वर दगड रचले. मी तिच्या पदरात गुंडाळून घरी आले. वाटेत मी विचारले, “माझा का गं टाकलास? आजारी तर विशाखा हाय.” आजी म्हणाली, “तुम्ही दोघी सारख्याच हाव. मातीला काय कळतंय.”

रागिनीबाईंनी विशाखाला मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेले आणि वाचवले. मग तिला आपल्या देशात घेऊन जाण्याबद्दल विचारले. आईने फार वेळ घेतला नाही. ती म्हणाली, “हितं ऱ्हायली तर मरंल. तिकडं जगंल. घेऊन जावा.” तिने अंगठा उठवला. त्यानंतर आई आम्हा दोघींच्या नावाने हाक मारायची आणि मी एकटीच ओ द्यायचे.

कलम दोन. भिंतीवरचा जगाचा मोठा नकाशा आणि माझी सगळी भूगोलाची पुस्तके मी ज्या शाळेतून निवृत्त झाले त्या शाळेला द्यावीत. पृथ्वीचा गोल आमचे जुने हेडमास्तर व्यंकटराव यांच्याकडे आहे. त्यांनी तो नातवाला दाखवायला म्हणून नेला. नातू आता नोकरीला लागला. मी त्यांना साक्षीला बोलावणारच आहे, तेव्हा त्यांनी सही करण्यापूर्वी हे वाचावे.

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी एक तक्ता शिकवायचे: निरनिराळ्या देशांतले सरासरी आयुर्मान. जपान सगळ्यात वर, आफ्रिकेतले काही देश तळाशी, आपण मधे कुठेतरी. पोरी मोजायला लागायच्या, आपली किती उरली. मी त्यांना सांगायचे, सरासरी म्हणजे कोणाच्या मरणाची तारीख नव्हे. आपला आकडा खाली ओढतात ती पाच वर्षांच्या आत गेलेली लेकरे. जे त्यातून पार पडतात ते इथेही म्हातारे होतात. देश स्वातंत्र्य मिळवून उभा राहिला तेव्हा हा आकडा तिशीच्या थोडाच पुढे होता, आज तो सत्तरीच्या पुढे आहे. एवढी लेकरे वाचली. हे मी मनापासून शिकवले. स्वतःला मात्र ते पटवता आले नाही, कारण हा तक्ता मी पहिल्यांदा वाचला तो विशाखाबरोबर.

ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. मी लातुरात डी.एड. करत होते. गावभर पाट्या रंगवणे चालले होते, जुन्या नावावर नवे नाव. त्याच वर्षी थंडीत विशाखा रागिनीबाईंबरोबर आली. आम्ही एसटी स्टँडवर समोरासमोर उभ्या राहिलो. तोंड तेच, पण ती माझ्यापेक्षा डोकेभर उंच. दात पांढरेशुभ्र, केस दाट. माझ्या शेजारी ती उभी राहिली की ती धाकटी दिसायची. गावात नेले तेव्हा म्हाताऱ्या बायांनी आधी तिची पावले पाहिली, उलटी आहेत का. आजी दारात आडवी आली. “म्होरल्या दारानं न्हाई. माळावरनं आल्याली हाय ती. परड्यातनं आणा.” रागिनीबाईंना वाटले, हा आमच्याकडचा स्वागताचा प्रकार असेल.

विशाखा मराठी विसरली नव्हती. पण तिच्याजवळ होती ती आठ वर्षांच्या पोरीची मराठी, बहात्तर सालची. अठरा वर्षांची उंच मुलगी, आणि तोंडातून यायचे, “मला भ्या वाटायलंय,” “माझी भावली कुटं हाय?” आई ऐकायची आणि पदराचे टोक दातात धरायची.

माझे पुस्तक चाळताना तिला तो तक्ता सापडला. तिने बोट ठेवले. भारत, पन्नाशीच्या जरासे पुढे. नॉर्वे, शहात्तर. ती बराच वेळ बोटाने दोन ओळींमधले अंतर मोजत बसली. मग म्हणाली, “म्हंजे तू मेल्यावर मी लई वर्सं एकलीच ऱ्हानार?”

मी म्हणाले, “तसं नसतंय ते. सरासरी असती.”

“मला नगं एवढी. तू घे थोडी,” ती म्हणाली. लहानपणी आम्ही खेळातले गजगे वाटून घ्यायचो, तशी तिने मूठ माझ्या ओंजळीवर उघडली. मुठीत काही नव्हते. आम्ही हसलो. आजी परड्यात शेंगा निवडत होती. ती उठून आली, माझी ओंजळ तिने झटकली आणि म्हणाली, “असलं देणंघेणं तोंडानं बोलू नगा. पोरींनो, माती ऐकत असती.” ती पुन्हा विशाखाशी बोलली नाही. दुसऱ्या वर्षी ती गेली.

कलम तीन. लातूरचे हे घर माझ्या पगारातून बांधलेले आहे आणि त्यावर कोणाचाही बोजा नाही. ते मी लिनाला देते. शस्त्रक्रियेत लिनाचे बरेवाईट झाले तर इथे डी.एड. शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलींची राहण्याची सोय करावी. कसेही झाले तरी पुढच्या खोलीत शरणम्मा जिवंत असेपर्यंत राहील. तिला कोणी उठवू नये, भाडे मागू नये.

शरणम्मा ही गुरम्माची बहीण. गुरम्मा माझ्याबरोबर किल्लारीजवळच्या एका गावात शिक्षिका होती. साहेबराव लातुरात कलेक्टर कचेरीत असल्यामुळे मी आठवडाभर तिथे गुरम्माबरोबर भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. धाब्याचे घर, जाड दगडी भिंती. दोन खाटा, माझी भिंतीकडे. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या दिवशी गावातला दुकानदार शाळेत निरोप घेऊन आला. त्याच्याकडे फोन होता. “बाई, तुमच्या बहिणीचा फोन आलता परदेशातनं. आज सांजच्याला लातूरच्या एसटीडीवर थांबा म्हणाली. लई जरुरीचं हाय म्हणं.” मी गुरम्माला म्हणाले, तूही चल, देखावे बघू. तिच्या अंगात कणकण होती. ती म्हणाली, “तुम्ही जावा अक्का. सकाळी या.” मी जीपमध्ये बसले.

लातूरच्या बूथवर फोन आला. विशाखाच होती. मी विचारले, काय झाले? ती म्हणाली, “मला काय झालं? तूच न्हवं का सांगितलंस, हितं फोन कर म्हणून?”

“मी कुठं सांगितलं? तू निरोप ठेवलास ना दुकानात?”

“मी न्हाई ठेवला. तुझा फोन आल्ता सकाळी. तुझाच आवाज हुता. लांबनं येत हुता. तू म्हणालीस, आज सांजच्याला लातूरच्या ह्या नंबरावर फोन कर.”

त्या गावातून नॉर्वेला फोन लावायची सोय नव्हती, आणि असती तरी मी लावला नव्हता. मग तिने विचारले, जेवलीस का. मी घरी साहेबरावांकडे गेले. सकाळ होण्याच्या आत भूकंप झाला.

माझी खाट भिंतीखाली सापडली, तिच्यापलीकडे गुरम्मा. तो दुकानदारही गेला, त्यामुळे त्याने निरोप कोणाच्या आवाजात ऐकला हे मला विचारता आले नाही. मी शरणम्माला हे सगळे सांगितले आहे. तिने मला कधी दूषण दिले नाही. एकदाच म्हणाली, “अक्का, त्या फोनवाल्या बाईला माझ्या बहिणीचं नाव ठाऊक नव्हतं, त्याला तुम्ही काय करणार.”

कलम चार. अर्धापूरची केळीची जमीन साहेबरावांकडून माझ्याकडे आली. ती मी भुजंगला देते. तो ती कसतो, आणि त्याच्या आजोबांनी तिथली विहीर हाताने खणली आहे. त्याने मला बोल लावला म्हणून मी त्याचा हक्क मारणार नाही. पण त्याने बोल का लावला ते लिहून ठेवते.

विशाखाने तिकडे लग्न केले, लिना झाली, आणि लिना लहान असतानाच विशाखाच्या किडन्या बसल्या. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या लहानपणाची चौकशी केली. त्यांचे मत पडले की वाढीच्या वयात झालेल्या उपासमारीने आणि त्या आजाराने किडन्या खुरट्याच राहिल्या असाव्यात. जगात ज्या देशांत माणसे सगळ्यात जास्त जगतात त्यांपैकी एका देशात ती तीस वर्षे दूध, मासे, लोणी खाऊन राहिली, पण बहात्तर साल तिच्या पोटात तसेच होते. मी कळवले, माझी किडनी घे, आपण एकच आहोत. तिकीट काढले, पासपोर्ट आला. निघायच्या आठवड्यात मला ताप भरला. तापाची कावीळ झाली, काविळीने मी बेशुद्ध पडले. लातूरच्या डॉक्टरांनी साहेबरावांना सांगितले, नातेवाईक बोलावून घ्या. अर्धापूरहून भावकी आली. भुजंग तेव्हा विशीतला होता. तो माझ्या खाटेशी बसला असताना मी डोळे उघडले, उठून बसले आणि भाकरी मागितली. माझ्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. तेवढ्यात साहेबरावांना फोन आला की विशाखा गेली. ती चाळीस वर्षांची होती.

भुजंगने दोन्ही पाहिले. तो दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसला आणि आल्या-गेल्याला सांगू लागला, “काकूनं बहिणीचं खाल्लं. मी डोळ्यानं बघितलंय.” मी त्याच्यावर रागावले होते, वीस वर्षे रागावलेली आहे. पण त्याने जे पाहिले ते पाहिलेच.

त्यानंतरचे मी साहेबरावांच्या तोंडून सांगते, कारण आरशात रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. ते म्हणाले, तुझे केस पिकायचे थांबले. म्हणाले, चष्मा कुठे ठेवलास? मी चष्म्याशिवाय वही तपासत होते. ते म्हणाले, भांडी घासताना तू काहीतरी गुणगुणतेस, ती चाल कुठली? मला माहीत नव्हते मी गुणगुणते. हळूहळू ते माझ्याकडे नवीन माणसाकडे पाहावे तसे पाहू लागले. जेवताना पाट जरा लांब मांडायचे. एकदा म्हणाले, “पंचशीला, तू हाईस ना?” मी म्हणाले, हो. ते म्हणाले, “मग बरं.” बावन्नाव्या वर्षी, कचेरीतून येऊन पाय धुताना, ते गेले. आमच्या पुस्तकातल्या जुन्या आकड्याच्या आसपासच. माझ्याकडून त्यांना काही देता आले असते तर मी दिले असते. तसे कोणी मागितले नाही, आणि कसे देतात ते मला येत नव्हते.

कलम पाच. वडिलांची पहार विहारात ठेवावी. सोन्याची बोरमाळ शरणम्माने घालावी. पेटीत ठेवू नये, घालावी. बँकेतले जे असेल ते लिनाच्या औषधपाण्याला.

लिना एकदाच इकडे आली आहे, दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, वडिलांबरोबर. लातूरला तेव्हा आगगाडीने पाणी येत होते. सोळा वर्षांची पोरगी, विशाखाचे तोंड, म्हणजे माझेच. ती शरणम्माबरोबर घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिली आणि बायका तिला म्हणाल्या, गजभारे बाई, एवढ्या बारीक कशा झालात? घरी आल्यावर मी भांडी विसळत होते. लिना दारात थबकली. तिच्या वडिलांना काहीतरी म्हणाली. त्यांनी मला इंग्रजीत सांगितले: ही चाल विशाखा भांडी घासताना गुणगुणायची, तिने ती स्वतःच रचली होती, ती आणखी कोणाला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी लिनाच्या किडन्या गेल्या. तिच्या वडिलांचे जुळले नाही. मी तपासणीला हैदराबादेस गेले. तिथे त्याच तपासण्या दोनदा पुन्हा करायला लावल्या. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी स्वतः समोर बसवून विचारले, “बाई, तुमचे वय नक्की किती?”

“साठ.”

“जन्मदाखला चुकला असेल. तुमच्या पिढीत चुकतात.”

“माझ्या जन्माची नोंद आहे. काय झालं?”

ते म्हणाले, “काही झालं नाही. ही किडनी चाळीस वर्षांच्या बाईची आहे.”

मी घरी आले आणि त्या रात्री पुष्कळ वर्षांनी गाढ झोपले. काय आहे आणि कोणाचे आहे हे मला कळले होते. जे माझ्याकडे आहे ते खाल्लेले नाही. ते ठेवायला दिलेले आहे.

कलम सहा. मी तिकडेच गेले तर माझा देह तिथेच अग्नीला द्यावा. विमानाचा खर्च करू नये. इथे विहारात वंदना घ्यावी, शरणम्माला आपल्या रीतीने काही करायचे असेल तर करू द्यावे. आणि कोणी म्हणेल की बहिणीने आपले परत नेले, तर त्याला सांगावे की नेले नाही. मी स्वतः, जाणतेपणी, दिले.

हे मी वाचून पाहिले. यात माझ्या समजुतीबाहेरचे एक अक्षर नाही. माझ्या समजुतीबाहेरच्या गोष्टी मात्र आहेत.

सही: पंचशीला साहेबराव गजभारे
साक्षीदार: १. व्यंकटराव, निवृत्त हेडमास्तर (गोल उद्या आणून देतो.) २. शरणम्मा, याच घरात राहणार
लातूर, १२ ऑगस्ट २०२४

पुरवणी

मी, वरील मृत्युपत्र करणारी तीच पंचशीला, ही पुरवणी जोडते. शस्त्रक्रिया झाली. लिना बरी आहे, पायऱ्या चढते, मीठ कमी आहे म्हणून कुरकुरते. सबब घराविषयीचे कलम तिच्या नावे कायम.

तिकडच्या इस्पितळात माझे केस आठवड्याभरात पांढरे झाले. मग हात सुकले, पाठ वाकली, चष्मा दोनदा बदलावा लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितले, आजार कुठलाच नाही, तुम्ही फक्त वृद्ध आहात. मला दुखत नाही. विमानतळावर मला खुर्चीतून नेले. घराचे दार शरणम्माने उघडले आणि विचारले, “कोण पाहिजे आजी?” मी बोलल्यावर तिने चौकट धरली, मग माझा हात.

अर्धापूरची जमीन मरणाची वाट न पाहता आत्ताच भुजंगच्या नावे करून द्यावी आणि मृत्युपत्रही नोंदवून टाकावे, म्हणून मी त्याला नोंदणी कार्यालयात बोलावले. तो फाटकाशी उभा होता. मला रिक्षातून उतरताना त्याने पाहिले, पण पुढे आला नाही. शरणम्माने हाक मारली तेव्हा आला. माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. फार हळू म्हणाला, “काकू, परत केलंत व्हय?”

मी म्हणाले, “व्हय.”

आत मशीनवर माझा अंगठा उठेना. क्लार्क म्हणाला, म्हातारपणी ठसे पुसतात. मग त्याने आधार कार्डावरचा फोटो पाहिला, मला पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. “आजी, हे कार्ड तुमच्या लेकीचं दिसतंय. ज्यांचं हाय त्यांना घेऊन या.”

मी म्हणाले, माझेच आहे. त्याने वय विचारले. मी सांगितले, एकसष्ट. त्याने पेन खाली ठेवले आणि माझ्याबरोबरच्या माणसांकडे पाहिले. शरणम्मा रडत होती.

भुजंग पुढे झाला. त्याने आपले कार्ड टेबलावर ठेवले. “लिवा साहेब,” तो म्हणाला. “माझी काकू हाय. एकसष्टच हाय. म्या सही करतो.”

सही: पंचशीला साहेबराव गजभारे, वय एकसष्ट
ओळख पटवणार: भुजंग गजभारे, राहणार अर्धापूर, जिल्हा नांदेड
साक्षीदार: शरणम्मा
लातूर, १७ फेब्रुवारी २०२५